विश्लेषण : बिअरमध्ये चक्क मिरची! घरगुती बिअरचे हे तिखट प्रयोग काय आहेत? महाराष्ट्रात ते करता येतात का?

मिसळीच्या रश्श्यावर तरंगणारा लाल कट खालच्या रश्श्यापेक्षा जास्त तिखट का लागतो? मिरचीतला तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो, म्हणून. तो आणखी एका द्रवात सहज विरघळतो, तो म्हणजे अल्कोहोल. या साध्या रसायनशास्त्राच्या आधारावर अमेरिकेत अनेक हौशी मंडळी घरच्या घरी मिरचीची बिअर बनवतात. बिअरच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मिरचीच्या बिअरचा स्वतंत्र गटही असतो. धणे, संत्र्याची साल, कॉफी, कोको, आंबा, कोकम असे कितीतरी पदार्थ आता बिअरमध्ये जात आहेत. हे प्रयोग सुरू कसे झाले, त्यामागचे विज्ञान काय, धोके कोणते आणि महाराष्ट्रात कुणी असा प्रयोग केला तर कायदा काय म्हणतो, हे समजून घेऊ.

मुळात बिअर बनते कशी?

बिअरसाठी चार गोष्टी लागतात : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुतेकदा बार्ली. हे धान्य भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तापमानाला धान्यातली एन्झाइम्स पिठूळ स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. त्यातून मिळणाऱ्या गोड द्रवाला ‘वॉर्ट’ म्हणतात.

हा वॉर्ट साधारण तासभर उकळतात. उकळताना त्यात हॉप्स या वेलीची फुले घालतात. बिअरचा कडवटपणा त्यांच्यातून येतो. मग वॉर्ट थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. एल प्रकारच्या बिअरसाठी १८ ते २२ अंश तापमानाला ही प्रक्रिया एक-दोन आठवडे चालते. घरगुती बिअरचा एक घाणा साधारण ५ गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो.

अल्कोहोल किती झाले, हे हायड्रोमीटरने मोजतात. सुरुवातीला द्रवाची सापेक्ष घनता १.०५० असेल आणि शेवटी १.०१० झाली, तर दोन्हींमधल्या फरकाला साधारण १३१ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ५.२ टक्के.

बिअरमध्ये वेगळे पदार्थ घालणे हे नवे फॅड आहे का?

नाही. उलट हॉप्सच नंतर आले. हॉप्स सर्वत्र रूढ होण्यापूर्वी युरोपात ‘ग्रुट’ नावाचे वनस्पतींचे मिश्रण वापरत. प्रत्येक गावाचे मिश्रण वेगळे असे. जर्मनीतल्या बव्हेरियात २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे एक फर्मान निघाले. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचे नाही, असे त्यात म्हटले होते. हाच पुढे ‘राइनहाइट्सगेबोट’ म्हणजे शुद्धतेचा कायदा म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात यीस्टचा उल्लेख नव्हता. त्याच फर्मानात बिअरचे दरही ठरवून दिले होते.

तरीही काही जुने प्रकार टिकले. जर्मनीतल्याच ‘गोझं’ या बिअरमध्ये मीठ आणि धणे असतात. फिनलंडच्या ‘साहती’मध्ये जुनिपर वापरतात. बेल्जियमची ‘विटबिअर’ धणे आणि संत्र्याच्या सालीशिवाय होत नाही. हूगार्डन या गावात ही परंपरा बंद पडली होती. कधीकाळी दूधवाल्याचे काम केलेल्या पिअर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. आज हूगार्डन ही बिअर भारतातही मिळते.

मग मिरचीची बिअर अमेरिकेतच का रुजली?

एक कारण म्हणजे मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. मेक्सिको आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकी राज्यांच्या जेवणात ती मुरलेली आहे. पण मोठे कारण कायद्याचे आहे.

अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बिअर बनवणे बेकायदाच राहिले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी एका विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ही बंदी गेली. एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर), तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. अट एकच : ती विकायची नाही. राज्यांना मात्र स्वतःचे नियम करण्याची मुभा राहिली. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनने त्याआधीच, १९६३ मध्ये, घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट काढली होती.

१९७८ मध्येच कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ स्थापन केली. पापाझियन यांचे शिक्षण अणुअभियांत्रिकीचे, पण १९८४ मध्ये आलेले त्यांचे घरगुती बिअरवरचे पुस्तक या छंदाचे पाठ्यपुस्तक ठरले.

परिणाम मोठा झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअर बनवणारे कारखाने शंभरच्या आत उरले होते. आज लहानमोठे मिळून ते नऊ हजारांच्या वर आहेत आणि त्यातल्या अनेकांचे संस्थापक हौशी मंडळीच होती. सॅन दिएगोचे उदाहरण बोलके आहे. तिथे १९९२ मध्ये घरगुती बिअरचे साहित्य विकणारे ‘होम ब्रू मार्ट’ हे दुकान सुरू झाले. १९९६ मध्ये त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला ‘बॅलास्ट पॉइंट’ ही ब्रुअरी उभी राहिली. हाबानेरो मिरची घातलेली ‘हाबानेरो स्कल्पिन’ ही त्यांची गाजलेली बिअर. २०१५ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन ब्रँड्स’ने ही कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना विकत घेतली. चार वर्षांनी ती पुन्हा विकली गेली, हा भाग वेगळा.

मोठा कारखाना हजारो लिटरच्या टाकीत मिरची टाकून बघण्याचा धोका पत्करत नाही. घरचा १९ लिटरचा घाणा बिघडला, तर नुकसान थोड्या माल्टचे आणि दोन आठवड्यांचे. म्हणून असे प्रयोग आधी स्वयंपाकघरात झाले आणि मग बाजारात आले.

सगळ्या पदार्थांमध्ये मिरचीच अवघड का?

मिरचीतला तिखट घटक म्हणजे कॅप्सेसिन. जिभेवरच्या नसांमध्ये टीआरपीव्ही-१ नावाचा संवेदक असतो. त्याचे काम उष्णता ओळखण्याचे. साधारण ४३ अंश सेल्सिअसला तो मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश पाठवतो. कॅप्सेसिन याच संवेदकाला चिकटते, त्यामुळे प्रत्यक्षात काही न भाजता आग होते. हा संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळाले.

अल्कोहोलही याच संवेदकाला डिवचते. पेशींवरच्या प्रयोगांमध्ये अल्कोहोलच्या उपस्थितीत हा संवेदक सुमारे ३४ अंशांनाच चालू होत असल्याचे दिसले आहे. म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच. त्यामुळे तिखट जेवणावर उतारा म्हणून थंड बिअर पिण्याचा उपाय फसवा आहे. पहिला घोट गार लागतो, पण बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने कॅप्सेसिन धुऊन निघत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन ते काम बरेच चांगले करते.

दुसरी अडचण अशी की तिखटपणा साचत जातो. पहिल्या घोटाला ‘काहीच जाणवत नाही’ असे वाटते आणि अर्ध्या ग्लासपर्यंत घसा पेटतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी. कॅप्सेसिन उकळून उडून जात नाही आणि एकदा मिसळले की घरी ते काढायचा व्यावहारिक मार्ग नाही. साखर कमी पडली तर वाढवता येते, पण जास्त झालेली मिरची परत घेता येत नाही.

मिरची नेमकी कधी घालतात?

वॉर्ट उकळताना घातली, तर ती आपोआप निर्जंतुक होते. पण तिचा ताजा वास वाफेबरोबर निघून जातो आणि भाजीसारखी शिजलेली चव उतरते. त्या वेळी द्रवात अल्कोहोल नसल्याने कॅप्सेसिनही तुलनेने कमी उतरते.

म्हणून बहुतेक हौशी मंडळी मिरची आंबण्याच्या शेवटी घालतात. तेव्हा अल्कोहोल तयार झालेले असते आणि ते तिखटपणा व वास दोन्ही ओढून घेते. धोका असा की कच्च्या मिरचीच्या सालीवर जंगली यीस्ट आणि बॅक्टेरिया असतात. त्यांच्यामुळे बिअर आंबट होऊ शकते. त्यामुळे मिरची आधी भाजून घेतात. भाजल्याने सालीवरचे जंतू मरतात आणि धुरकट स्वादही येतो. न्यू मेक्सिकोत भाजलेल्या हिरव्या मिरचीची बिअर याच कारणाने लोकप्रिय आहे.

कोणती मिरची चालते?

आपल्याकडे मसाला कुटताना रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी अशी विभागणी असते. तिकडेही हाच विचार होतो. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची मनुकांसारखा गोडसर स्वाद देते आणि तिखट कमी असते. धुरावर वाळवलेल्या हालापेन्योला चिपोत्ले म्हणतात. ती काळपट, भाजक्या माल्टच्या बिअरमध्ये शोभते. हाबानेरोला फळासारखा वास असतो, पण ती प्रचंड तिखट असते.

तिखटपणा मोजण्याचे एकक म्हणजे स्कोव्हिल. अमेरिकी औषधनिर्माते विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये ही पद्धत काढली. योगायोग असा की त्यांनीही मिरचीचा अर्क अल्कोहोलमध्येच काढला होता. तो साखरेच्या पाण्याने इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासे होईल. हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिल, हाबानेरो १ ते ३.५ लाख, तर ईशान्य भारतातली भूत जोलोकिया १० लाखांच्या वर जाते. आता ही मोजणी यंत्रावर होते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. मिरचीचा तिखटपणा बियांमध्ये नसतो, तर बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्यांच्यात असतो. तिखट कमी हवे असेल तर त्या शिरा काढतात.

प्रमाण कसे ठरवतात?

एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात. त्यामुळे ‘१९ लिटरला चार मिरच्या’ अशा पाककृतीवर अनुभवी मंडळी विसंबत नाहीत. ते मिरचीचे तुकडे थोड्या व्होडकामध्ये आठवडाभर भिजवून अर्क तयार करतात. मग १०० मिलिलिटर बिअरमध्ये ड्रॉपरने थोडा-थोडा अर्क घालून चाखतात. दोन चाखण्यांमध्ये काही मिनिटे थांबतात, कारण तिखट उशिरा चढते.

समजा १०० मिलिलिटरला अर्धा मिलिलिटर अर्क योग्य वाटला, तर १९ लिटरला ९५ मिलिलिटर लागेल. ४० टक्क्यांच्या व्होडकाच्या हिशेबाने त्याने बिअरमधले अल्कोहोल सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढते, म्हणजे नगण्य. या पद्धतीत बिघडले तर १०० मिलिलिटर बिघडते, सगळा घाणा नाही.

बिअरच्या स्पर्धांचे परीक्षकही तोलच बघतात. मिरची जाणवली पाहिजे, पण मूळ बिअर कोणत्या प्रकारची आहे हेही ओळखू आले पाहिजे, ही अपेक्षा असते. ‘केव्ह क्रीक चिली बिअर’ ही अ‍ॅरिझोनातली बिअर प्रत्येक बाटलीत एक अख्खी सेरानो मिरची टाकून विकली जायची. तिचे नाव खूप झाले, पण ते चवीपेक्षा गंमत म्हणून प्यायची बिअर अशाच अर्थाने.

कॉफी, खोबरे, आंबा, कोकम यांचे काय?

प्रत्येक पदार्थाचा प्रश्न वेगळा. कोको आणि खोबऱ्यात तेल असते आणि तेल हा बिअरच्या फेसाचा शत्रू. त्यामुळे खोबरे भाजून, तेल टिपून घेतात आणि कोकोचे भाजलेले तुकडे कमी वेळ ठेवतात. मिरची तेलात परतून घालणेही याच कारणाने टाळतात. कॉफी उकळली की कडवट होते, म्हणून थंड पाण्यात काढलेला तिचा अर्क शेवटी घालतात. धणे आयत्या वेळी भरडून उकळण्याच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालतात, म्हणजे वास टिकतो.

आंब्यासारख्या फळात साखर असते आणि यीस्ट ती खाऊन टाकते. त्यामुळे गोडवा जातो, उरतो तो वास. कोकमाचा आंबटपणा मात्र टिकतो, कारण यीस्ट त्यातल्या आम्लाला फारसा हात लावत नाही. भारतात ‘बिरा ९१’ने ‘कोकम सावर’ ही बिअर बाजारात आणली होती.

यात खरा धोका कोणता?

दारू म्हटली की आपल्याकडे आधी आठवतात ती विषारी दारूकांडे. मुंबईतल्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये १०० हून अधिक लोकांचा जीव गेला. अशा घटनांमागे बहुतेकदा मिथेनॉल असते आणि ते बहुधा औद्योगिक वापराचे मिथेनॉल दारूत मिसळल्याने येते. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल अगदी नाममात्र तयार होते. दारू गाळणे, म्हणजे डिस्टिलेशन, ही वेगळी आणि अधिक धोकादायक प्रक्रिया आहे. अमेरिकेतही १९७८ मध्ये पिण्यासाठी घरी दारू गाळण्यावरची संघराज्य कायद्याची बंदी कायम राहिली. १९७८च्या कायद्याने सूट दिली ती फक्त आंबवलेल्या बिअरला.

घरगुती बिअरमधला खरा धोका आहे बाटली फुटण्याचा. बिअर बाटलीत भरताना फेसासाठी दर लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर घालतात. ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आधीचा विरघळलेला वायू धरून एका लिटरमध्ये तो सुमारे ५ ग्रॅम होतो. आता कुणी हौसेने बाटली भरताना लिटरला १०० ग्रॅम आमरस घातला, तर त्यात साधारण १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे आणखी ७ ग्रॅमच्या आसपास वायू, आधीच्या दुपटीहून जास्त. बंद काचेची बाटली हा दाब सोसेलच असे नाही. ती फुटली तर काचा दूरवर उडतात. म्हणून फळे नेहमी आंबण्याच्या टाकीतच घालायची आणि हायड्रोमीटरचे माप सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, हा नियम आहे.

याशिवाय अल्कोहोलचे स्वतःचे नुकसान आहेच. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. बिअर घरची असली तरी हे बदलत नाही.

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येते का?

थेट उत्तर : नाही. ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ अजूनही लागू आहे. त्यातल्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. त्यासाठीची भांडी, साहित्य किंवा उपकरणे त्या हेतूने बाळगणेही गुन्ह्यात मोडते. शिक्षा तुरुंगवास आणि दंडाची आहे. ‘विकायची नाही, स्वतःपुरतीच आहे’ हा बचाव इथे चालत नाही. बनवणेच गुन्हा आहे आणि प्रमाण कमी आहे म्हणून सूट नाही. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर संपूर्ण दारूबंदी आहे.

मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. म्हणून नियम राज्यागणिक बदलतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासी समाजाला स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू काढण्याची मर्यादित सूट आहे. महाराष्ट्रात शहरी हौशी बिअरसाठी अशी तरतूद नाही. बाहेरगावाहून कुणी यीस्ट, हॉप्स आणि किट आणले, तरी त्यातून बिअर बनवताच कायदा मोडतो. ऑनलाइन किट मिळते म्हणजे बिअर बनवायला परवानगी आहे, असे समजू नये.

सरकारच्या बाजूने युक्तिवाद समजण्यासारखा आहे. हातभट्टीविरुद्ध कारवाई करताना ‘ही घरगुती बिअर आहे’ अशी पळवाट मिळू नये आणि महसूल बुडू नये. दुसऱ्या बाजूने, आंबवणे आणि गाळणे यांत फरक करून प्रमाणाची मर्यादा घालता येते, हे ब्रिटन-अमेरिकेने दाखवले आहे. आपल्या कायद्यात हा फरक नाही आणि नवे प्रयोग परवानाधारकांपुरते मर्यादित राहिले आहेत.

मग राज्यात हे प्रयोग कुठे होतात?

परवानाधारक मायक्रोब्रुअरीमध्ये. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर पुणे-मुंबईत अशा ब्रुअरींची संख्या वाढत गेली. इथे ऋतूनुसार फळांच्या आणि मसाल्यांच्या बिअर येतात. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची अट २१ वर्षे आहे. मद्य पिण्यासाठी परवानाही लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांना घरी बिअर बनवता येते, पण स्थानिक मर्यादा आणि विक्रीवरची बंदी पाळूनच. तिथल्या घरगुती घाण्यात संकेश्वरी मिरची किंवा कोकम घालायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र सुट्टीत मायदेशी आल्यावर तोच प्रयोग गावच्या घरी करून दाखवायचा मोह टाळावा. तिथे तो छंद असला, तरी इथे तो कलम ६५ खालचा गुन्हा आहे.